पिंजौर : बाग, बतावणी आणि भय

चंदिगढहून कालक्याच्या दिशेने निघाले की शहराचे काटकोनात आखलेले रस्ते मागे पडतात, शिवालिकच्या टेकड्या जवळ येतात आणि वीस-बावीस किलोमीटरवर पिंजौर लागते. सिमल्याला जाणारी बरीच मराठी कुटुंबे इथे गाडी थांबवतात. तास-दीड तास बाग पाहायची, मुलांना कारंज्यापाशी उभे करून फोटो काढायचे, दाराबाहेर चहा-पकोडे घ्यायचे आणि कालक्याची छोटी गाडी गाठायची, असा ठरलेला कार्यक्रम. बाग देखणी आहे, त्यामुळे एवढ्यावरही समाधान होते. पण पिंजौरची एक गोष्ट आहे, आणि ती ऐकल्याशिवाय पुढे जाणे म्हणजे रहस्यकथेचे नुसते मुखपृष्ठ पाहून पुस्तक खाली ठेवण्यासारखे आहे. तिच्यात बादशहाचा माणूस आहे, गुप्त खलबत आहे, वेषांतराशिवाय केलेली बतावणी आहे आणि जनानखान्यात पसरलेली भीती आहे.

काश्मीरच्या निशात बागेत पाहुणा खालून वर चढतो. पिंजौरला उलटे आहे. रस्त्यालगतच्या जाड तटातून आत शिरलो की आपण थेट सर्वांत वरच्या टप्प्यावर असतो, आणि बाहेरून जिचा मागमूसही लागत नाही अशी बाग समोर सात टप्प्यांनी खाली उतरत जाते. मधोमध पाण्याचा पाट, त्यात कारंजी, दुतर्फा सरूची झाडे, बाजूला आंब्याच्या राया. वर शीशमहाल, खालच्या टप्प्यावर कमानींचा रंगमहाल, आणखी खाली पाण्याने वेढलेला जलमहाल. अगदी तळाशी उघडे नाट्यगृह. एकेक टप्पा उतरताना पुढचा टप्पा दिसतो, तोवर तो दडलेला असतो. बांधणाऱ्याला उत्कंठा राखण्याची कला चांगली अवगत होती, असे म्हणायला हरकत नाही.

गाव बागेपेक्षा फार जुने. पंचपूर या नावावरून पिंजौर झाले आणि ही पाच भाऊ म्हणजे पांडव, असे स्थानिक लोक सांगतात. वनवासात पांडव इथे राहिले होते, अशी श्रद्धा आहे. बागेजवळच भीमादेवीच्या मंदिराचे अवशेष आहेत. पायऱ्यापायऱ्यांचे चौथरे आणि मोडलेली शिल्पे यांच्यावरून मूळ मंदिर केवढे असेल याचा अंदाज येतो. कारंज्याच्या घाईत बहुतेक पर्यटक तिकडे फिरकत नाहीत, हे त्यांचे नुकसान.

फिदाईखानाचा स्वर्ग

बाग सतराव्या शतकातली. ती वसवणारा फिदाईखान कोका हा औरंगजेबाचा दूधभाऊ. 'कोका' या शब्दाचा अर्थच तो. लाहोरची बादशाही मशीद १६७३ च्या सुमारास पुरी झाली, ती याच्याच देखरेखीखाली. लाहोरची सुभेदारीही त्याच्याकडे होती. बांधकामाची नजर असलेल्या या सरदाराला डोंगराच्या पायथ्याची, झऱ्यांच्या पाण्याची ही जागा आवडली आणि त्याने इथे उन्हाळ्यासाठी बाग, महाल आणि जनानखाना उभा केला.

आसपासच्या डोंगरी राजांना हा शेजार रुचणे शक्यच नव्हते. आज बाग आली, उद्या ठाणे येईल आणि परवा महसूल मागणारा माणूस येईल, हे त्यांना कळत होते. उघड लढाई म्हणजे आत्मनाश. मग काय केले? सांगतात ते असे. त्या भागात गलगंड झालेल्या बाया पुष्कळ. त्यांतल्या गळ्याशी मोठाल्या गाठी लोंबणाऱ्या बाया निवडल्या गेल्या. त्यांच्या डोक्यावर फळांच्या आणि फुलांच्या टोपल्या देऊन त्यांना जनानखान्यात पाठवले. पडद्यातल्या बेगमांना बाहेरचे जग दिसते ते अशा विक्रेत्या बायांमधूनच. एकीचा गळा पाहिला, दुसरीचा पाहिला, तिसरीचाही तसाच. घाबरत घाबरत कोणीतरी विचारले, हे काय झाले आहे? बायांनी पढवल्याप्रमाणे सांगितले : काही नाही, इथली हवा आणि पाणीच असे आहे. इथे राहिले की सगळ्यांनाच होते.

त्या रात्री महालात कोणाला झोप लागली असेल असे वाटत नाही. आरशांच्या महालात राहणाऱ्या बायकांनी उठून आरशात किती वेळा गळा पाहिला असेल, याची कल्पनाच करावी. बेगमांनी मुक्काम हलवण्याचा हट्ट धरला आणि फिदाईखानाला आपला स्वर्ग सोडून निघावे लागले. एक गोळी सुटली नाही, एक तलवार उपसली गेली नाही.

ही दंतकथा आहे. पण ती रचणाऱ्याला हेरगिरीचे मर्म पक्के ठाऊक होते. शत्रूच्या घरात शिरायचे ते तिथे रोज जाणाऱ्या माणसाच्या रूपाने, आणि खोटे बोलायचे ते डोळ्यांना दिसणाऱ्या खऱ्याच्या आधाराने.

वेताळापासून व्हॅम्पायरपर्यंत

हेरगिरी आणि भुताटकी यांची सांगड घालणाऱ्या कादंबऱ्या इंग्रजीत फार खपतात. ब्रायन लमली या इंग्रज लेखकाची 'नेक्रोस्कोप' ही मालिका त्यांत प्रसिद्ध. लमली बावीस वर्षे ब्रिटिश लष्करी पोलिसात होता, त्यामुळे छावण्या, कचेऱ्या आणि गोपनीय कागद यांचे वातावरण त्याला नवे नव्हते. १९८६ मध्ये आलेल्या पहिल्या कादंबरीत हॅरी कीओ नावाचा तरुण मेलेल्या माणसांशी बोलू शकतो आणि ब्रिटनचे एक गुप्त खाते त्याला कामाला लावते. पलीकडे सोविएत खात्यात बोरिस ड्रागोसानी आहे. तो प्रेतांची चिरफाड करून त्यांची गुपिते काढतो, आणि त्याला ही विद्या शिकवणारा रुमानियाच्या मातीत गाडलेला एक जुना व्हॅम्पायर आहे. लमली २०२४ मध्ये वारला. तोपर्यंत मालिकेच्या पुस्तकांनी एक कपाट भरले होते.

मराठी वाचकाला यात सारेच नवे वाटायचे कारण नाही. सोमदेवाच्या कथासरित्सागरातला वेताळाचा राजा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. एक भिक्षू रोज दरबारात येऊन त्याला एक फळ देतो, फळात रत्न निघते, आणि त्या उपकाराच्या बदल्यात राजा मध्यरात्री स्मशानातून प्रेत आणायला कबूल होतो. प्रेतातला वेताळ गोष्टी सांगत त्याला दमवतो हे लहान मुलांनाही ठाऊक असते. शेवट मात्र विसरला जातो. वेताळ राजाला सावध करतो की तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे, आणि त्यातून सुटण्याची युक्तीही सांगतो. प्रेताच्या तोंडून राजाला मिळालेली ही गुप्त बातमीच झाली की! हॅरी कीओ याहून वेगळे काय करतो? १८७० मध्ये रिचर्ड बर्टनने या कथा इंग्रजीत आणल्या तेव्हा त्याने वेताळाला सरळ 'व्हॅम्पायर' म्हटले. हा बर्टन तरुणपणी कंपनीच्या लष्करात होता आणि सिंधमध्ये व्यापाऱ्याच्या वेषात फिरून माहिती गोळा करत असे. हेरानेच वेताळाला विलायतेला नेले, तेही ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' येण्याच्या सत्तावीस वर्षे आधी.

देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांता'तले अय्यार आणि तिलिस्म १८८८ पासून हिंदी वाचकांना माहीत आहेत. १९९४ मध्ये दूरदर्शनवर मालिका आली आणि ते आपल्याही घराघरांत पोचले. अय्यार म्हणजे वेषांतर करणारा, बेशुद्धीची पूड बाळगणारा हेर. आणि मागे जायचे तर कौटिल्याकडे जावे. खजिना रिकामा झाला असेल तर गुप्त माणसांनी झाडावर राक्षस आल्याची हूल उठवावी, त्याने नरबळी मागितल्याचे पसरवावे आणि साधूच्या वेषातल्या आपल्याच माणसांनी पैसे घेऊन ते संकट 'निवारावे', असे अर्थशास्त्रात चक्क लिहिले आहे. भुताचा असा सरकारी उपयोग वाचला की लमली फारच सोवळा वाटू लागतो.

पिंजौरच्या गोष्टीशी आपला आणखी एक धागा जुळतो. तिच्या काही वर्षे आधी, एप्रिल १६६३ मध्ये, पुण्याच्या लाल महालात शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला. खान बोटे गमावून वाचला, पण त्यानंतर त्याला पुण्यात राहवेना. महाराजांना पंख आहेत, ते हवेतून कुठेही जातात, अशा वदंता पसरल्या होत्या आणि सुरतेच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी त्यांची नोंदही केली आहे. वदंतेमागे काय होते? पक्की माहिती, जागेची ओळख आणि लग्नाच्या वरातीसारख्या साध्या निमित्ताआडून आत शिरलेली माणसे. औरंगजेबाचा मामा पुण्यातून हलला आणि दूधभाऊ पिंजौरहून. दोघांच्याही मागे भीती लागली होती आणि ती दोन्ही ठिकाणी माणसांनीच पाठवली होती.

त्या बाया कोण होत्या?

गाइड गोष्ट सांगतो तेव्हा ऐकणारे हसतात. बादशहाच्या भावाला बायांनी पळवले म्हटल्यावर हसू येणारच. पण टोपल्या घेऊन गेलेल्या त्या बायांचे पुढे काय झाले हे गोष्ट सांगत नाही. त्यांची नावे नाहीत. काय बक्षीस मिळाले, मिळाले की नाही, तेही नाही. आपला गळा पाहून समोरची बाई किंचाळावी यासाठीच आपल्याला निवडले आहे, हे कळल्यावर त्यांना काय वाटले असेल? गोष्टीत त्या फक्त गळ्यापुरत्या येतात. बतावणी संपली, खान गेला. बाया मात्र तोच गळा घेऊन घरी परतल्या.

आणि त्या खोटे बोलत होत्या का? पुरत्या नाही. हिमालयाच्या पायथ्याचा हा सारा पट्टा गलगंडाचा. हजारो वर्षांचा पाऊस आणि वितळणारे बर्फ यांनी तिथल्या मातीतले आयोडीन धुऊन नेले. मातीत नाही म्हणून पिकात नाही, पिकात नाही म्हणून माणसात नाही. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागते ते अगदी कणभर. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे सगळ्या आयुष्याचे मिळून चहाचा एक चमचा. तेवढेही मिळाले नाही की ग्रंथी फुगत जाते. गळ्याची गाठ ही दिसणारी बाजू. गरोदर बाईच्या शरीरात आयोडीनची फार कमतरता असली तर मूल मतिमंद किंवा मुकेबहिरे जन्माला येऊ शकते, ही न दिसणारी. जुन्या लोकांनी दोष पाण्याला दिला. पाण्यात काहीतरी वाईट आहे असे त्यांना वाटले. खरे म्हणजे पाण्यात जे हवे होते ते नव्हते.

लाहोरहून चार महिन्यांसाठी आलेल्या बेगमांना एका उन्हाळ्यात काहीही होणार नव्हते. गाठ वाढायला वर्षे लागतात. बायांच्या सांगण्यातला खोटेपणा एवढाच, पण नेमका तोच भाग उपयोगी पडला.

हे कोडे सुटायला विसावे शतक निम्मे उलटावे लागले, आणि ते सुटले पिंजौरच्या उत्तरेला, याच डोंगररांगांतल्या कांगडा खोऱ्यात. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक साधा पण मोठा प्रयोग सुरू केला. काही भागांतल्या घरांना आयोडीनयुक्त मीठ, दुसऱ्या भागाला साधे मीठ. पाच-सहा वर्षांनी आयोडीनच्या भागांतल्या मुलांमध्ये गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर आणि त्याहूनही खाली आले. १९६२ मध्ये देशाची गलगंड नियंत्रण मोहीम सुरू झाली, आणि आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यास २००६ पासून देशभर बंदी आहे. महाराष्ट्रातल्या घराघरांत आयोडीनच्या मिठावरून वाद झाले. कोकणात मिठागराचे खडे मीठ वापरणाऱ्यांना समुद्रकाठी ही सक्ती कशाला असेही वाटले. पण फिदाईखानाच्या बेगमांना दाखवलेले भूत गाडले गेले ते मंत्राने नाही, खुंटी ठोकूनही नाही. मीठ पुरले.

युरोप-अमेरिकेतल्या व्हॅम्पायरच्या भीतीमागेही अनेकदा रोगच होता. १८९२ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एक्झिटर गावी मर्सी ब्राऊन या एकोणीस वर्षांच्या मुलीचे प्रेत उकरण्यात आले. घरात एकामागून एक माणसे क्षयाने गेली होती आणि थडग्यातून कोणीतरी घरच्यांचे रक्त शोषते आहे असा शेजाऱ्यांचा समज झाला होता. तिचे काळीज जाळून ती राख आजारी भावाला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दहा वर्षे आधीच, १८८२ मध्ये शोधून काढला होता; ती बातमी त्या गावाच्या उपयोगी पडली नाही.

सिमल्याची वाट

फिदाईखान गेल्यावर बागेची आबाळ झाली. पिंजौरला किल्लाही होता. तो शिंद्यांच्या नोकरीतल्या बुर्कँ या फ्रेंच सरदाराने पाडला, म्हणजे मराठी फौजांचे पायही इथे लागले आहेत. पुढे जागा पतियाळाच्या महाराजांकडे आली आणि बाग पुन्हा उभी राहिली. महाराजा यादविंद्रसिंग यांच्या नावावरूनच ती आज यादविंद्र गार्डन म्हणून ओळखली जाते. १९६६ मध्ये हरियाणा वेगळा झाला तेव्हापासून ती त्या राज्यात आहे.

इंग्रजांच्या काळात पिंजौरवरून जाणारी वाट म्हणजे साहेबांची सिमल्याची वाट. तिच्यावरून हेर आणि भुते दोन्ही गेली. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या १९०१ मधल्या 'किम' या कादंबरीत पोरसवदा किम अंबाल्याहून याच बाजूने सिमल्याला चढतो. तिथे ज्या लर्गन साहेबाकडे तो हेरगिरी शिकतो, त्याचे दुकान सैतानी मुखवट्यांनी आणि भुतांच्या खंजिरांनी भरलेले आहे. फुटलेला घडा पुन्हा सांधला जातो आहे असा भास लर्गन निर्माण करू पाहतो. किम मनातल्या मनात पाढे म्हणून त्या भासातून सुटतो. गणिताचा एवढा चांगला उपयोग क्वचितच कोणी सांगितला असेल.

खऱ्या आयुष्यातले उदाहरणही आहे. थिऑसॉफीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की १८७९ मध्ये मुंबईत उतरल्या आणि गिरगावात राहिल्या. १८८० मध्ये सिमल्यात त्यांनी हरवलेला दागिना काढून दाखवणे, जमिनीतून कपबशी काढणे असे 'चमत्कार' केले आणि मोठमोठे अधिकारी थक्क झाले. सरकारला मात्र बाई रशियाची हेर असावी असा संशय होता आणि प्रवासात पोलिसांचा माणूस मागावर असे. त्या अदृश्य महात्म्यांशी बोलत होत्या की झारशी, हा त्या वेळच्या सिमल्यातला लाडका विषय होता.

बागेबाहेरचा तपास

आजचे पिंजौर पाहणाऱ्याने बागेपलीकडच्या बीर शिकारगाह अभयारण्याविषयीही जाणून घ्यावे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि हरियाणाचे वनखाते मिळून तिथे गिधाडांचे केंद्र चालवतात. २००१ मध्ये ते सुरू झाले तेव्हा गुन्हेगार सापडलेला नव्हता.

भयकथेत गिधाड हमखास असते. वाळक्या झाडावर बसलेले, मरणाची वाट पाहणारे. १९९० नंतर हा पक्षी स्वतःच मरू लागला. भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात डॉ. विभू प्रकाश यांना घरटी ओस पडलेली दिसली. पक्षी मान खाली टाकून दिवसचे दिवस बसत आणि मग फांदीवरून कोसळत. जे देशात सर्वत्र होते ते पांढऱ्या पाठीचे गिधाड १९९२ ते २००७ या काळात हजारात एक उरले. आधी संशय साथीच्या रोगावर, एखाद्या नव्या विषाणूवर होता. पिंजौरला आजारी पक्षी आणून ठेवले, नमुने तपासले, पण विषाणू हाती लागेना. मेलेल्या पक्ष्यांच्या मूत्रपिंडांवर आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर मात्र पुन्हा पुन्हा सापडत होता.

उत्तर पाकिस्तानातल्या तपासात मिळाले आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. गुन्हेगार होता डायक्लोफेनॅक, सांधेदुखीवर माणसे घेतात तेच वेदनाशामक. गाई-म्हशींना ते स्वस्तात टोचले जाई. दुखण्याने बेजार जनावर मेले आणि त्याआधी एक-दोन दिवसांत त्याला ते दिलेले असले, तर ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. देशातल्या शंभर मेलेल्या जनावरांत असे एखादे असले तरी पुरे. कारण एकेका जनावरावर डझनावारी गिधाडे उतरतात. शेतकऱ्याचा हेतू वाईट नव्हता, डॉक्टरचा नव्हता, कारखान्याचाही नव्हता. पडद्यामागे खलनायक शोधणाऱ्याला हा तपास निराश करतो.

जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या चोरून गोठ्यात जात, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरची करण्यात आली. त्याच जातीची आणखी दोन औषधे, ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन, जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारे औषध उपलब्ध आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू मोठे होऊन घरटे करायला पाच-एक वर्षे घेते, त्यामुळे गेलेली संख्या भरून काढणे हे पिढ्यांचे काम आहे. पिंजौरच्या मोठ्या जाळीदार पिंजऱ्यांत ते चालू आहे. तिथल्या पक्ष्यांना दिल्या जाणाऱ्या मांसात औषधाचा अंश नाही याची खात्री केली जाते. ऑक्टोबर २०२० मध्ये पांढऱ्या पाठीची आठ गिधाडे इथून आकाशात सोडण्यात आली.

मुंबईच्या माणसाला यात परके काही वाटू नये. मलबार हिलच्या डुंगरवाडीवरची गिधाडे गेली तेव्हा पारशी समाजाचा शतकानुशतकांचा अंत्यविधीच अडला आणि तिथे सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. खेड्यांत मेलेली ढोरे कुजत पडली आणि मोकाट कुत्री वाढली. ज्याला अशुभ म्हणून हाकलले, त्याचे काम करायला दुसरे कोणी पुढे येईना.

पिंजौरच्या केंद्राच्या नावात जटायू आहे. सीतेला कोणी आणि कोणत्या दिशेला नेले याची पहिली बातमी रामाला देऊन प्राण सोडणारा तो हाच. त्याच्या या वंशजांना आता बातमी देण्याचे कामही आहे. जानेवारी २०२४ मध्ये पिंजौरची वीस गिधाडे महाराष्ट्रात आणली गेली, दहा ताडोबात आणि दहा पेंचमध्ये. तिथल्या हवेची सवय झाल्यावर त्यांना त्याच वर्षी मोकळे सोडले, आणि त्यांच्या अंगावर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारी छोटी यंत्रे बसवली होती. ताडोब्याचे एक गिधाड उडत उडत थेट तामिळनाडूत पोचले. काही परत आली नाहीत, आणि कोणत्या ठिकाणी खूण थांबली त्यावरून पुढचा तपास करता येतो.

केंद्र हे प्राणिसंग्रहालय नाही. पक्ष्यांना माणसांची सवय होऊ नये म्हणून तिथे सहलीच्या गाड्या नेता येत नाहीत. बाग मात्र रोज उघडी असते. चंदिगढहून बस आणि टॅक्सी सहज मिळतात, रेल्वेने यायचे तर कालका स्टेशन पाच-सहा किलोमीटरवर आहे. ऑक्टोबर ते मार्च हवा उत्तम, पण आंब्याची हौस असेल तर जुलैचा आंबामेळा गाठावा. तेव्हा देशभरच्या जातींचे आंबे इथे मांडलेले असतात. एक दिवस हाताशी असेल तर सकाळी भीमादेवीचे अवशेष पाहावेत आणि बागेत चारनंतर शिरावे, म्हणजे उतरता उतरता तळाशी पोचेपर्यंत दिवे लागतात. वर परत चढताना वाटेत शीशमहाल लागतो. त्याच्या आरशाच्या तुकड्यांत अजूनही बायका क्षणभर थांबून गळ्यातले नीट करतात.